बाबांना ऐकू यावं म्हणून

आमच्या घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी पंखा बंद करायचा, अशी रीत होती. बाबांचा डावा कान पार गेलेला आणि उजवा अर्धामुर्धा. बडोद्याच्या गोरवा भागातल्या ज्या कारखान्याच्या गेटवर ते बसायचे, तिथं त्यांच्या केबिनला लागूनच कॉम्प्रेसरची खोली होती. दिवसभर त्या भिंतीतून असा धडधडाट यायचा की केबिनमधल्या पाण्याच्या ग्लासात तरंग उठत. त्यात कान गेले. गंमत अशी की एकटा आवाज असला तर तो त्यांना बरा ऐकू यायचा. दोन आवाज एकमेकांत मिसळले की त्यातलं काहीच त्यांना सुटं करता यायचं नाही. मग ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत हसून मान हलवायचे. ते तसं हसले की आई ओळखायची आणि ओरडायची, "अरे, पंखो बंद करो कोई!" घाईत असली की आई गुजरातीतच ओरडायची. पंखा बंद, कुकर खाली, टीव्ही बंद, शेजारच्यांच्या रेडिओसाठी खिडकीसुद्धा बंद. मग बोलणारा बाबांच्या उजव्या बाजूला बसणार. आजोबा गेल्याची बातमी, माझा बारावीचा निकाल, घरमालक खोली रिकामी करायला सांगतोय ते, सगळं आम्ही त्या बंद खोलीत, बडोद्याच्या उन्हाळ्यात, घामानं निथळत एकमेकांना सांगितलेलं आहे. अजूनही कुणी एकदम पंखा बंद केला की मी हातातलं खाली ठेवून त्याच्या तोंडाकडं बघते.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारता सांगते आणि सांगत राहणार. बाबा आठवी, आई चौथी, आणि त्यामागं बघायला गेलं तर घोडे. पणजोबा संस्थानच्या पागेत स्वार होते असं आमच्याकडं सांगतात. स्वार होते की घोड्यांना खरारा करत होते, हे विचारायला आता कुणी राहिलेलं नाही. संस्थान गेलं, घोडे गेले, आणि पाठ ताठ ठेवून उभं राहायची सवय तेवढी खाली बाबांपर्यंत आली. कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असायचा. पहिल्या वर्षी मी तिथं 'नोकरी' लिहिलं. दुसऱ्या वर्षी 'सिक्युरिटी'. तिसऱ्या वर्षी 'सिक्युरिटी ऑफिसर'. कुणी तपासायला येत नाही, हे एव्हाना कळलं होतं. आज मी स्वतः कॉलेजात शिकवते, प्रवेशाचे फॉर्म माझ्या टेबलावर येतात, आणि त्या रकान्यापाशी एखाद्या मुलीचं पेन अडखळलेलं दिसलं की मी दुसरीकडं बघते.

बाबांना मात्र त्या नोकरीची कसलीच लाज नव्हती. आई भाताची पेज वेगळी काढून त्यांच्या खाकी शर्टाला खळ द्यायची. वाळला की तो शर्ट दोरीवर माणसासारखा ताठ उभा राहायचा. इस्त्री मात्र ते आईला करू द्यायचे नाहीत. सकाळी खाटेवर घोंगडी अंथरून, तोंडात पाणी घेऊन त्याची फूस्सकन फवारणी करून, बाह्यांची घडी नखानं दाबत स्वतः करायचे. तापलेल्या खळीचा वास आणि तव्यावरच्या मेथीच्या थेपल्यांचा वास, हा माझ्या लहानपणीच्या सकाळचा वास. मग टोपी, पट्टा, शिट्टी, हातात डबा. कारखाना दहा मिनिटांवर. गल्लीतून निघाले की पोरं ओरडायची, "काका, सलाम!" आणि बाबा खाडकन टाचा जुळवून त्यांना खरोखरचा सलाम ठोकायचे. पानाच्या गल्ल्यावरून, म्हणजे टपरीवरून, कुणीतरी म्हणायचं, "आव्या, आव्या मोटा साहेब!" बाबांना अर्धं ऐकू यायचं, पण ते पूर्ण हसायचे. गोरव्यात सगळ्यांना ठाऊक होतं की ते वॉचमन आहेत. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं त्याचं काम आहे.

आता कॉर्डांचं. आमच्या मागच्या गल्लीत जयाबेन म्हणून एक बाई कीबोर्ड शिकवायच्या. त्यांच्या दोन मुलांचं गणित मी घ्यायची, त्याच्या बदल्यात त्या मला शिकवायच्या. आमच्या घरी वाजवणं म्हणजे आईच्या भजनी मंडळातली पेटी, आणि पेटी गाणाऱ्याच्या मागं एकेका सुरानं चालत जाते. कॉर्ड म्हणजे तीन-चार पट्ट्या एकदम दाबायच्या, आणि त्यातून एक रंग निघतो. एक कॉर्ड दाबला की संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं, दुसरा दाबला की ऊन पडल्यासारखं. मला त्याचं वेड लागलं. वेड म्हणजे तरी काय, मी ते बी.कॉम.च्या अभ्यासासारखं घेतलं. वहीत तक्ता केला, लाल शाईनं खुणा केल्या, रोज दोन नवे पाठ. जयाबेन म्हणायच्या, "बेटा, परीक्षा नथी आ." पण मला परीक्षा नसलेली कुठलीच गोष्ट तोवर माहीत नव्हती. जे येतं ते सगळं पेपरात लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे तपासणाऱ्याला कळतं की हिला येतं.

नितीन, म्हणजे आमचा नित्या, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अभ्यासात त्याचं लक्ष नव्हतं, आयटीआयला जात होता. पण जिभेनं असा चलाख की आईनं एक शिवी दिली तर हा तिला यमक जुळवून परत द्यायचा. त्या दिवसांत त्याला आणि त्याच्या जिग्नेश नावाच्या दोस्ताला हिपहॉपनं झपाटलं होतं. गाणं म्हणावं तर गाणं नाही, बोलणं म्हणावं तर तालात, आणि खाली एक संगीत फिरत राहतं, त्याला हे लोक बीट म्हणायचे. माझ्या कॉलेजसाठी म्हणून बाबांनी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून जुना कॉम्प्युटर आणला होता. जिग्नेशनं कुठूनतरी बीट बनवायच्या सॉफ्टवेअरची सीडी आणली आणि त्यात टाकली. त्या दोघांना ताल बसवता यायचा, सूर नाही. सूर मला यायचे. तेव्हा नित्यानं माझ्या पाया पडायचं नाटक केलं आणि मी त्याची बीट बनवणारी झाले. आमच्या ओळखीत मुलीनं असलं काही केल्याचं मी ऐकलं नव्हतं, त्यामुळं मला ते जास्तच आवडलं.

पहिली बीट मी आठवडाभर खपून केली. त्यात माझ्या वहीतला सगळा तक्ता उतरला होता. सात कॉर्ड, एकातून दुसरा निघतोय, दुसऱ्यातून तिसरा, वर व्हायोलिनं. ऐकवून मी दोघांकडं बघितलं. जिग्नेशनं आधी नित्याकडं बघितलं, मग म्हणाला, "बेन, खोटुं ना लगाडता, पण आ तो वरघोडो नीकळ्यो!"

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट वाटून घेऊ नको, पण ही लग्नाची वरात निघाली," नित्या म्हणाला. "ताई, यात मी बोलू कुठं? तू सगळीकडं बसलीयेस."

मी चिडले. "तुला संगीतातलं कळतं काय? एवढे कॉर्ड कुणाला येतात गोरव्यात?"

"कुणालाच येत नाहीत. म्हणूनच नको." मग तो उठला आणि त्यानं पंखा बंद केला. खोली एकदम गप्प झाली. "हे बघ. बाबांसाठी आपण काय करतो? बास, तसं कर. तू पंखा बंद कर, मग मी बोलतो."

मला ते लगेच पटलं असं मी म्हणणार नाही. मी ग्रॅज्युएट होणार होते आणि हा आयटीआयवाला मला संगीत शिकवत होता. पण मी सातचे चार केले, चाराचे तीन, आणि शेवटी दोन उरले. एक संध्याकाळचा, एक त्याच्याहून जरा उजेडाचा. ए मायनर आणि एफ. दोघांत तीनातल्या दोन पट्ट्या सारख्याच, एकच बोट हलवायचं. आठ मात्रा हा, आठ मात्रा तो, आणि पुन्हा पहिला. कमी करणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण दोनच कॉर्ड असले की कुठलीच चूक लपत नाही. किती जोरात दाबायचा, किती लवकर सोडायचा, सोडल्यावर किती वेळ काही वाजवायचंच नाही, यात महिना गेला. नित्या एखाद्या शब्दाआधी श्वास घ्यायला थांबला की तिथं मी ढोलसुद्धा काढून टाकायची. दाराची फट ठेवावी तेवढी जागा. तिथून त्याचा शब्द आत यायचा.

मग एका रविवारी बाबांवर प्रयोग केला. त्यांना स्पीकरसमोर खुर्चीवर बसवलं. खरं गाणं नित्या कुणालाच ऐकवत नव्हता, म्हणून त्यानं आईची किराणा मालाची यादी घेतली आणि माझ्या बीटवर तीच म्हणायला लागला. अर्धा किलो तुवेर, पाव किलो गूळ, राई, हिंग, साबुदाणा, चांगला बघून आण नाहीतर परत पाठवीन. बाबा उजवा कान पुढं करून, डोळे मिटून बसले होते. संपल्यावर म्हणाले, "तुवेर अर्धा किलो, गूळ पाव, राई, हिंग, साबुदाणा. आणि परत कुणाला पाठवणार? मला?" पंखा चालू होता, स्पीकर चालू होता, आणि त्यांना सगळंच्या सगळं ऐकू आलं होतं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, "अगं बाई, हिंग पण ऐकलं?" नित्यानं मला उचलून गोल फिरवलं. इतकं निखळ यश मला नंतर कुठल्याच निकालानं दिलं नाही.

खरं गाणं गणपतीत म्हणायचं ठरलं होतं. जुन्या शहरात मांडवीजवळ मराठी मंडळींचा जुना गणपती बसायचा. आजोबांच्या वेळेपासून आमचं वर्षातून एकदा तिथं जाणं असायचं. तिथं येणारी बहुतेक घरं मोठी. कुणाचे पणजोबा दिवाण कचेरीत, कुणाचे कॉलेजात संस्कृत शिकवणारे, आता कुणी डॉक्टर, कुणी बँकेत. आम्ही मागच्या सतरंजीवर बसणारे. त्या वर्षी मंडळानं पदवी मिळवलेल्या मुलांचा गुणगौरव ठेवला होता, त्यात माझं नाव होतं, आणि त्याच संध्याकाळी मुलांच्या कलागुणांचा कार्यक्रम, त्यात नित्याचं. गुणगौरवाचा फॉर्म मी महिनाभर आधीच भरून दिला होता. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं ते सांगायला नको.

आदल्या दिवशी नित्यानं मला गच्चीवर नेऊन गाणं ऐकवलं. मी पहिलीच ऐकणारी. सगळं गाणं मला आता आठवत नाही, या चार ओळी आठवतात:

बाबा माझा गेटवाला, नाव नाही पाटीवर,
अख्खी कंपनी आत जाते त्याच्या एका काठीवर.
गाडीतला साहेब त्याला बघत नाही वळून,
बाबा सलाम ठोकतो त्याला, पाठ सरळ करून.

म्हणून झाल्यावर त्याचे डोळे चमकत होते. "कसंय? बाबांना पहिल्यांदा तिथंच ऐकवणार, सगळ्यांच्या समोर. ते मागं बसतात ना दर वर्षी? यंदा तू आहेस म्हणून पुढच्या रांगेत बसतील." मी म्हटलं, छान आहे. खरं सांगायचं तर त्या चार ओळींतला मला एकच शब्द ऐकू आला होता. गेटवाला. मंडळाचे सेक्रेटरी माझी माहिती वाचणार, आणि पाठोपाठ माझा सख्खा भाऊ त्याच स्टेजवरून तो शब्द माइकमध्ये बोलणार. मी त्याला म्हणाले, "पहिल्या ओळीतला तो शब्द बदलून दुसरं काही नाही का चालणार?" तो म्हणाला, "दुसरं काय? आहेत ना ते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आई मोदकांच्या मदतीला मांडवीला गेली होती, बाबा ड्यूटीवर, नित्या केस कापायला. कार्यक्रमात वाजवायची सीडी मलाच बनवायची होती. मी कॉम्प्युटर लावला, दोन कॉर्ड ऐकले, आणि वही काढली. तिसरा कॉर्ड घातला, मग चौथा. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगत होते की मोठे लोक येणार आहेत, जाणकार आहेत, त्यांना हे फार साधं वाटेल, जरा भरलेलं असलं पाहिजे. सातही घातले. व्हायोलिनं घातली. जिथं जिथं मी दाराची फट ठेवली होती, तिथं तिथं काहीतरी ठोकून बसवलं. ज्या ठिकाणी तो शब्द यायचा तिथं तर सगळं एकदम. कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगितली तेव्हा असंच सांगत आले की मला हौस होती, मला शहाणपण मिरवायचं होतं. तेही होतंच. पण मी काय बुजवत होते ते मला त्या दुपारी नीट माहीत होतं.

संध्याकाळी बाबा पहिल्या रांगेत बसले. पांढरा शर्ट, त्यालाही खळ. पायातल्या बुटांना नोकरीवरचं पॉलिश. माझं नाव पुकारलं, मी वर गेले. मंडळाचे सेक्रेटरी सबनीसकाकांनी माइकमध्ये सावकाश, खणखणीत वाचलं, "कुमारी मनीषा, बी.कॉम., प्रथम श्रेणी. घराण्यातील पहिल्या पदवीधर. वडील एका मोठ्या कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर." मागं कुठलंही संगीत नव्हतं. मांडवातले पंखेसुद्धा आवाज नको म्हणून बंद केलेले. बाबांना प्रत्येक अक्षर ऐकू गेलं. आणि मी स्टेजवरून बघितलं, ते मान वळवून मागं बघायला लागले. कोण ऑफिसर, कुणाबद्दल बोलतायत, ते बघायला. मागच्या खुर्चीतल्या बाईंनी त्यांच्याकडं बोट करून काहीतरी म्हटलं. बाबा ते नेहमीचं हसले आणि मान हलवली.

मग नित्या आला. साऊंडवाल्यानं सीडी लावली. पहिल्या आठ मात्रा वाजल्या तेव्हा नित्यानं स्पीकरकडं बघितलं, मग साऊंडवाल्याकडं, आणि मग माझ्याकडं. मी हातातल्या नारळाकडं बघत होते. त्यानं सुरू केलं. शब्दांना जागा नव्हती, तो कुठं घुसायचं ते शोधत होता. आवाज चढवला, तर व्हायोलिनंही चढली. 'बाबा माझा' इतकं मला कळलं, कारण मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना नुसतं तालात काहीतरी तावातावानं चाललेलं कळलं असणार. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. बाबा खुर्चीच्या कडेला आले, उजवा कान पुढं केला, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी हाताचा पंजा कानामागं धरला. मग चेहरा असा थोडा थोडा फिरवत राहिले, जणू कुठल्यातरी एका कोनात ते सापडेल. नित्या सगळा वेळ त्यांच्याकडंच बघून म्हणत होता. शेवटी बाबा हसले, आणि त्यांनी मान हलवली. ते तसं हसलेले बघून नित्या शेवटच्या ओळींच्या आधीच थांबला. बीट एकटीच पुढं वाजत राहिली आणि टाळ्या झाल्या. सबनीसकाका मला म्हणाले, "संगीत तुझं होतं ना? वा, भरदार!"

दर वर्षी कार्यक्रम झाला की आम्ही मांडवीपाशी सेव-उसळ खायचो. त्या दिवशीही खाल्ली. बाबांनी नित्याच्या वाटीत जास्तीची सेव घातली, पाठीवर थाप मारली. तो खाली मान घालून खात राहिला. घरी आल्यावर बाबांनी बूट काढले आणि स्वतः उठून पंखा बंद केला. आमच्याकडं कुणीतरी बाबांसाठी पंखा बंद करायचं, बाबांनी स्वतः बंद केल्याचं मला दुसरं आठवत नाही. "हां, आता सांग," ते नित्याला म्हणाले. "मला वाजवलेलं सगळं ऐकू आलं. तू काय म्हणालास ते नाही आलं. परत म्हण."

नित्या भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. "काही नाही बाबा. असंच. गाणं होतं."

"अरे, कशावर होतं?"

"असंच, दोस्त-बिस्त. रेवा दे ना, राहू द्या बाबा."

बाबांनी काढलेले बूट खाटेखाली सरकवले. मग म्हणाले, "तो सबनीस मला ऑफिसर म्हणाला. चुकून म्हणाला असेल." आई म्हणाली, "मोठ्या लोकांना काय माहीत असतं कोण काय करतं." बाबांनी माझ्याकडं बघितलं, अगदी पटकन, आणि परत पंखा लावला. मी तिथं बसले होते, उजव्या बाजूलाच. एक वाक्य बोलायचं होतं. खोली गप्प होती तेवढ्यात बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी इस्त्री केली. मग घडी घातली आणि शर्ट, पँट, टोपी, पट्टा सगळं एका कापडी पिशवीत भरलं. साध्या कपड्यांत डबा घेऊन निघाले. आई म्हणाली, "अहो, घडी मोडेल ना!" ते म्हणाले, "तिथं बदलीन." त्यानंतर रिटायर होईपर्यंत ते गोरव्याच्या गल्लीतून कधी युनिफॉर्ममध्ये गेले नाहीत. पोरं काही दिवस ओरडली, "काका, सलाम!" मग थांबली. मी वर लिहिलंय की गोरव्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्यापासून लपवावं असं कुणी नव्हतंच. मुलीनं चार लोकांत जे सांगितलंय ते आपल्यामुळं खोटं पडायला नको, एवढ्यासाठी त्या माणसानं कडक इस्त्रीचा शर्ट रोज पिशवीत कोंबला. आई खळ देत राहिली.

नित्यानं पुन्हा कधी तालात एक ओळ म्हटली नाही. जिग्नेश दोन-तीनदा बोलवायला आला, मग तोही यायचा थांबला. आयटीआय झाल्यावर नित्याला सावली गावाकडच्या एका कारखान्यात काम मिळालं, लग्न करून तिकडंच राहिला. माझ्याशी वागण्यात त्यानं कधी काही कमी केलं नाही. राखीला येतो, माझ्या मुलीचे लाड करतो. नुसतं जिभेवरचं ते यमक गेलं. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. शेवटी उजवा कानही गेला होता, पंखा बंद केला काय नि चालू ठेवला काय. दवाखान्यात मी एकदा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन त्या चार ओळी हळूच म्हणायला गेले. त्यांनी हसून मान हलवली. मी दुसऱ्या ओळीशी थांबले.

परवा घर बदलताना तो जुना कॉम्प्युटर निघाला. माझ्या मुलीनं कुणाकडूनतरी त्यातलं जे होतं ते काढून आणलं. सात कॉर्डांची बीट निघाली. दोन कॉर्डांची नाही; त्या दुपारी मी तिच्यावरच ही भरली होती, ती पुसली गेली. मी बसून एकेक कॉर्ड काढत गेले. व्हायोलिनं काढली. भरलेल्या फटी एकेक करून मोकळ्या केल्या. कुठं किती जागा होती ते बोटांना आठवत होतं. आणि रविवारी नित्या आला तेव्हा त्याला काही न सांगता लावली.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग उठला आणि भिंतीकडं जाऊन पंखा बंद केला. परत येऊन बसला. आठ मात्रा हा, आठ मात्रा तो. कपाळावर घाम यायला लागला. त्यानं डोळे मिटले. मी म्हटलं, "नित्या, त्या दिवशी ते मी..."

"मला तिथंच कळलं होतं. पहिल्या आठ मात्रांत."

"मग बाबांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"त्यांनी मग विचारलं असतं ना, की ताईनं असं का केलं. काय सांगणार होतो?"

बीट फिरत राहिली. मी वाट बघितली. मग, त्याला शब्द आठवत नसतील असं वाटून, मीच सुरू केलं. माझा आवाज वर्गात शिकवायचा, ताल कुठल्याकुठं. "बाबा माझा गेटवाला, नाव नाही पाटीवर, अख्खी कंपनी आत जाते त्याच्या एका काठीवर..." तो शब्द मी माझ्या तोंडानं मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारत होते.

नित्यानं हात वर केला. डोळे मिटलेलेच होते. "काठीवरच्या आधी थांबायचं, ताई. तिथं जागा होती."

मी बीट पहिल्यापासून लावली. ओळी म्हणत त्या ठिकाणी आले आणि थांबले. खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.